कौंडिण्य गोत्राचा बी. एस्सी.

"तिसऱ्या रांगेत बघ, कडेला," माझ्या वर्गातला प्राणेश कानाशी लागून म्हणाला, "तुझे अण्णा आलेत."

मी कनातीच्या फटीला डोळा लावला आणि अंगावरचा भाड्याचा काळा गाऊन एकदम ओल्या घोंगडीसारखा जड झाला. तसा तो आधीच एवढा ऐसपैस होता की त्यात मी, प्राणेश आणि आमच्या चामराजपेटेतल्या गल्लीतली तांबडी गाय असे तिघे दाटीवाटीनं का होईना उभे राहिलो असतो. पण आता त्याच्या आत मला माझंच अंग सापडेना. बाहेर कॉलेजच्या मैदानावर पदवीदानासाठी घातलेला प्रचंड मांडव, लाल मखमलीच्या खुर्च्या, त्यांच्यावर सुटातले साहेब, म्हैसूर सिल्कमधल्या बायका, अत्तराचा आणि कापलेल्या गवताचा मिसळलेला वास. आणि त्या सगळ्यात अण्णा. जरीकाठी धोतर, खांद्यावर उपरणं, दंडावर गोपीचंदनाच्या मुद्रा, कपाळावर अंगार-अक्षतेची काळी उभी रेघ आणि ठिपका, मागे शेंडीची गाठ. खुर्चीच्या अगदी टोकाला, पाठ न टेकता बसलेले. ती खुर्ची अजून कुणी पाणी शिंपडून शुद्ध केलेली नाही असं त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. शेजारी गोदूआत्या, अण्णांची थोरली बहीण, मान वर करून मांडवाचं छत बघत होती, आणि तिचं तोंड जे उघडं पडलं होतं ते त्या दिवसापुरतं तरी मिटलं असेल असं मला वाटत नाही. मी तिला दोन पास दिले होते खरे. पण अण्णा येतील हे कुणी मला पैजेवर सांगितलं असतं तर मी शेंडी उतरवून दिली असती.

हे तुम्हाला नीट कळायचं तर आमच्या घरातला नमस्कार कळायला हवा. आमच्याकडे वडीलधाऱ्यांपुढे नुसतं वाकून भागत नाही. जोडे काढायचे, पाय जुळवायचे, हात एकमेकांवरून नेऊन कानांना लावायचे आणि आपण कोण ते सांगायचं: आपले ऋषी कोणते, गोत्र कोणतं, सूत्र कोणतं, शाखा कोणती आणि या सगळ्याच्या शेवटी, लांबलचक मिरवणुकीच्या मागून चालणाऱ्या पोरासारखं, आपलं नाव. मग खाली वाकायचं. याला अभिवादन म्हणतात. आणि ज्याच्यापुढे ते केलं त्यानं उत्तर द्यायचं, आशीर्वाद द्यायचा, नाव घेऊन. त्याशिवाय ते पुरं होत नाही. विहिरीत पोहरा सोडला आणि दोर हातातून सुटला, तसं ते अर्धवट राहतं. माझी मुंज झाली तेव्हा मागच्या परसात तुळशीजवळच्या कट्ट्यावर अण्णांनी मला हे शिकवलं. माझी बोटं कानांना पोचत, पण वाकलो की तोल जाई. अण्णा एक हात माझ्या पोटाखाली धरत, पोहायला शिकवताना धरतात तसा. "कौंडिण्य म्हण. कौंडिण्य. जीभ अडखळली तरी चालेल, ऋषी कुठं पळून जात नाहीत." अण्णा पौरोहित्य करत. बसवनगुडीपासून मार्केटापर्यंत निम्म्या मराठी घरांतल्या मुंजी आणि श्राद्धं त्यांच्या आवाजावर चालत. त्यांनी संकल्प सुरू केला की शेजारच्या घरातला गडूसुद्धा फडताळात वाजायचा, हे मी स्वतः ऐकलं आहे. आई मी लहान असतानाच गेली. घर आत्याचं आणि आवाज अण्णांचा, एवढंच माझं जग होतं.

कॉलेजात मला अण्णांनीच घातलं. रसायनशास्त्र घेतो म्हणालो तर म्हणाले, "घे. अग्नी, पाणी, क्षार. आपलंच आहे की ते." मग घात झाला तो एका वासानं. प्रयोगशाळेत धातू ओळखायला आम्ही एक गॅस वापरत असू. काचेच्या तीन मजली भांड्यातून तो बुडबुडत यायचा आणि त्याला वास होता नासक्या अंड्याचा. एका संध्याकाळी मी तो वास सदऱ्यात, केसांत, जानव्यातसुद्धा भरून घरी आलो. आत्या उंबऱ्यातच उभी.

"कुठं जाऊन आलास रे?"

"कॉलेजात. आणि कुठं?"

"काय खाल्लास तिथं?"

"काही नाही गं."

तिनं नाक माझ्या खांद्याजवळ आणलं आणि जी किंचाळली ती पार गांधी बाजारात ऐकू गेली असावी. "अय्यो देवा! अंडं! मेल्या, अंड्याचा वास येतोय की तुझ्या अंगाला!"

"तो गॅस आहे आत्या. आम्ही तयार करतो. धातू ओळखायला."

"अंडी फोडून धातू ओळखतात?"

"अंडं नसतंच त्यात. नुसता वास असतो."

"अंडं नाही आणि अंड्याचा वास आहे. सरी, ठीकच की! उद्या म्हणशील, लग्न नाही पण लेकरू आहे."

"पण आत्या, तुला कसा गं ठाऊक अंड्याचा वास?"

हे विचारायला नको होतं. पळी माझ्या डोक्यावरून सणसणत गेली. अण्णा आतल्या खोलीत संध्येला बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. मी विहिरीवर अंघोळ केली, ओल्या पंच्यानं त्यांच्यापुढे उभा राहिलो, कानांना हात लावले, तिन्ही ऋषी, गोत्र, सूत्र, शाखा, नाव सगळं सांगितलं आणि वाकलो. वाकूनच होतो. त्यांच्या पायांच्या बोटांवर सुकलेलं गंध दिसत होतं. ती बोटं तिथं थोडा वेळ थांबली आणि मग वळून माजघरात गेली.

तेव्हापासून अण्णांनी मला उत्तर दिलं नाही. बाकी बोलत. केळीची पानं आण म्हणत, मार्केटची बस चुकवू नको म्हणत, ताप आला तर रात्रभर उशाशी बसत. मी अंडं खाल्लं का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही, आणि न विचारलेल्या गोष्टीचं उत्तर मी देणार तरी कसं? मी एकदा गॅसची अख्खी कृती त्यांना समजावून सांगायला बसलो. लोखंडाचा गंधकाशी झालेला संयोग, त्यावर आम्ल. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बरं," आणि उठले. फक्त युगादीला, दिवाळीला, माझ्या जन्मदिवशी मी वाकलो की वर एक शांतता असायची. त्या शांततेला वजन होतं. तिला मुंग्यांसारखे पाय होते. ती मानेवरून पाठीवर उतरायची. मी वाकलेलाच मोठा झालो असं मला कधी कधी वाटतं. मिसरूड दाट झालं, अणूच्या आत काय असतं ते कळलं, आणि वर अजून कुणी मला नावानं हाक मारून मी कोण ते मान्य करायचं होतं.

पास दिले त्या दुपारी अण्णा पंचांग बघत होते. मी आत्याला सांगत होतो, पण ऐकवत त्यांना होतो: मांडव कुठं आहे, किती वाजता यायचं, पदवी कशी नाव पुकारून एकेकाला देतात. आत्यानं विचारलं, "आणि देणार कोण?" म्हटलं, व्हाइस-चान्सलर. अण्णांनी पंचांगातून डोळे न काढता विचारलं, आत्याला, मला नव्हे, "तिथं जोडे घालून जातात?"

"सगळे घालतात," मी म्हणालो.

"हं," अण्णा म्हणाले. एवढंच.

बॅण्ड सुरू झाला आणि माझ्या बरगड्यांत तो वाजू लागला. कनात बाजूला झाली. आम्ही दोघादोघांच्या रांगेनं आत निघालो, आणि आमच्यापुढून आमचे प्राध्यापक मंचावर चढत होते. रोज खडूच्या धुरळ्यात खोकणारे, सायकलची साखळी निसटली की आम्हालाच हाक मारणारे आमचे प्राध्यापक, आणि आज त्यांच्या खांद्यांवरून किरमिजी, पिवळी, मोरपिशी रेशमं वाहत होती. ते पक्षी झाले होते. त्यांच्या पाठोपाठ कुणी चांदीचा दंड धरून चाललं होतं. हजारो माणसं एकदम उभी राहिली, आणि त्या उठण्याचा जो आवाज झाला तसा मी पुन्हा ऐकला नाही. एखादं तळं उठून उभं राहावं तसा. आम्ही चाललो होतो आणि लोक आमच्यासाठी उभे होते. माझ्यासाठी कोण कधी उभं राहिलं होतं? मला वाटलं, आता इथं मांडवाचं छत बाजूला सरकेल आणि आमचे सगळे ऋषी खाली डोकावून विचारतील, कोण रे हा कोलाहल?

आदल्या सकाळच्या तालमीत रजिस्ट्रारांनी आम्हाला सगळं शिकवलं होतं. "नाव पुकारलं की चालायचं. थांबायचं. किंचित वाकायचं. किंचित म्हणजे खाली पडलेली टाचणी दिसतेय का बघतो इतकंच. पदवी घ्यायची, डावीकडून उतरायचं. पाया पडणं नाही, साष्टांग तर मुळीच नाही. हे देऊळ नव्हे."

"सर," मागून प्राणेश माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला होता, "हा हयवदन मंत्र म्हणतो."

सगळे हसले होते. मीही हसलो होतो. आता खुर्चीवर बसून ते हसू तोंडात कडू लागत होतं. तिसऱ्या रांगेकडे मी बघत नव्हतो, पण माझ्या डाव्या गालाला ती रांग कुठं आहे ते कळत होतं. अण्णा काय बघायला आले होते? मी टाचणी शोधली तर ते म्हणतील, बरोबर, गोत्रच राहिलं नाही. वास खरा होता. उठून जातील, आणि मग मी जन्मभर कितीही वाकलो तरी वर ते नसतील. आणि मी कानांना हात लावले तर ही सगळी रेशमं हसतील, प्राणेश ही गोष्ट माझ्या नातवंडांना सांगेल (सांगितलीच आहे त्यानं, आणि वाईट सांगितली आहे). आणि समजा केलं, तरी कुणाला करायचं? जो आपला गुरू नाही त्याच्यापुढे ऋषींना उगाच उभं करायचं? अण्णांना दाखवायला वाकलो तर ते नाटक, आणि नाटक अण्णा शंभर पावलांवरून ओळखत. मोठी दक्षिणा देणाऱ्या यजमानाचं खोटं रडू त्यांना लगेच कळायचं.

मी व्हाइस-चान्सलरांकडे बघितलं. मंगळूरकडचे ख्रिस्ती गृहस्थ, वनस्पतिशास्त्रातले मोठे. पांढरी दाढी, बारीक हात. पदवी देताना प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघत होते, हाताकडे नव्हे. आणि मला आठवलं. एका सकाळी मी कॉलेजच्या आवारात लवकर आलो होतो. जकरंदाच्या एका जुन्या झाडापाशी कोणी म्हातारा गुडघे टेकून बसला होता. मला वाटलं भोवळ आली. धावत गेलो, तर ते होते. खोडावर पैशाएवढा राखाडी-हिरवा डाग चढला होता, दगडफूल म्हणतात ना, मसाल्यातलं, त्याच्या जातीचा. ते त्याच्याकडे बघत होते. नाक जवळजवळ सालीला टेकलेलं, टोपी गवतात पडलेली. मी उभा राहिलो. ते हलेनात. चिमण्या टोपीवरून उड्या मारून गेल्या. शेवटी माझ्याकडे न बघताच ते इंग्रजीत हळूच म्हणाले, "हा इथं आपल्या सगळ्यांच्या आधीपासून आहे," आणि एवढ्या आदबीनं म्हणाले की मी चपला काढल्या होत्या का नव्हत्या ते आता आठवत नाही, पण काढाव्याशा वाटल्या होत्या हे नक्की. अण्णांनाच मी एवढं वाकलेलं बघितलं होतं. देवापुढे. आणि त्या क्षणी, तिथं मांडवात खुर्चीवर, माझ्या आतली भीती बाजूला सरली नाही, पण तिच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन उभं राहिलं. वाकायचं कुणापुढे, हा प्रश्न सुटला होता. अण्णा बघत असोत नसोत.

"एन. हयवदन."

बूट प्राणेशच्या थोरल्या भावाचे होते, घट्ट, नाडीचे. मंचाच्या पायरीशी मी बसलो आणि नाडी सोडू लागलो. गाठ बसलेली. "मिस्टर! मिस्टर!" रजिस्ट्रारांचा आवाज वरून कातरीसारखा आला. "काय करतोस रे?" प्राणेश दातांतून म्हणाला. कुणीतरी हसलं, मग रांग हसली, मग हसू मांडवभर पसरलं. माझे कान इतके तापले की त्यावर अप्पम भाजता आलं असतं. गाठ सुटेना तेव्हा मी बूट तसेच ओढून काढले. जाजम मऊ होतं, पावलांना कुणी तरी आधीपासून ओळखतं असं लागलं. मी चाललो. थांबलो. पाय जुळवले.

हात कानांवर गेले आणि हसू पाण्याखाली गेल्यासारखं लांब झालं. वासिष्ठ. मैत्रावरुण. कौंडिण्य. माझाच आवाज मला माझ्या तळव्यांतून ऐकू येत होता, आणि तो मी ओळखला नाही; बारीक नव्हता, घाबरलेला नव्हता. आश्वलायन सूत्र, ऋग्वेदाची शाखा. तिघे ऋषी त्या लाल जाजमावर आले, व्हाइस-चान्सलरांच्या पिवळ्या रेशमाकडे त्यांनी बघितलं आणि त्यांना काही वावगं वाटलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. मग माझं नाव. मग मी वाकलो, टाचणीबिचणीच्या पार खाली, पिवळ्या झग्याच्या काठापर्यंत.

हसू थांबलं होतं. व्हाइस-चान्सलरांना उत्तर ठाऊक नव्हतं. कसं असणार? त्यांचे काळे बूट मला दिसत होते. ते मागे सरले नाहीत, एकमेकांजवळ आले. नंतर प्राणेशनं सांगितलं की त्यांनी पदवीची गुंडाळी छातीशी धरली होती आणि मान खाली घातली होती, त्यांच्या देवळात घालतात तशी. हे काहीतरी आहे आणि आपण ते मोडायचं नाही, एवढं त्यांना कळलं होतं. बॅण्डवाल्याची झांज हातात धरलेली. आणि माझ्या पाठीवर ती जुनी शांतता उतरली, मुंग्यांच्या पायांची. मी तिला ओळखलं. म्हटलं, ये. आता मला सवय आहे. मी मनात उठायची तयारी केली. उत्तर न आलेल्या नमस्कारातून कसं उठायचं असतं ते माझ्याइतकं कुणाला येत असेल? आधी पाठ, मग मान, डोळे शेवटी.

"आयुष्मान् भव सौम्य..."

आवाज मागून आला. मंचावरून नव्हे, माणसांच्या त्या तळ्यातून. त्यानं लाउडस्पीकर घेतला नव्हता आणि त्याला तो नकोही होता. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला, आत्या म्हणाली, "अरे, स्वल्प हळू की," आणि अण्णांनी ते ऐकलं नाही. केलेलं अभिवादन उत्तरावाचून ठेवता येत नाही. ज्याला केलं त्याला येत नसेल तर दुसऱ्या कुणी तरी उठायला हवं. मला वाटलं, नियम म्हणून उठले. पुरोहित आहेत, राहवलं नसेल. पण आशीर्वादाच्या शेवटी नाव घ्यायचं असतं, आणि त्यांनी ते घेतलं.

"...हयवदनाऽऽऽ"

आता हा शेवटचा स्वर लांबवायचा असतो, तशी रीतच आहे. लहानपणी अण्णा तो लांबवत, मी पुरता वाकेपर्यंत पुरेल इतका. पण हा थांबेना. तो खुर्च्यांवरून आला, साहेबांच्या टकलांवरून, सिल्कच्या पदरांवरून, मंचाच्या पायऱ्या चढून माझ्यापर्यंत आला आणि तरी मागून येतच होता. मांडवाच्या दोऱ्या गुणगुणू लागल्या. छतावरची कबुतरं उठली. बाहेर ज्या जटक्यातून ते दोघं आले होते त्याच्या घोड्यानं कान टवकारले आणि चौकातल्या पोलिसानं हात वर धरून दोन्हीकडची वाहनं थांबवली. हे प्राणेश नाकारतो, पण तो त्या वेळी रडत होता, त्याला काय दिसणार? अण्णांचा दम मोठा होता हे सगळ्या बसवनगुडीला ठाऊक होतं. किती मोठा होता ते त्यांनी माझ्याचसाठी राखून ठेवलं होतं. एका युगादीचं उत्तर त्यात होतं, एका दिवाळीचं, माझ्या मिसरुडाचं, त्या ओल्या पंच्याचं. त्या स्वरात कुठं चूक मान्य केलेली नव्हती, कुठं माफी नव्हती. नुसतं माझं नाव होतं, आणि ते कमी पडत नव्हतं.

आणि उत्तर पुरं होईपर्यंत वर उठायचं नसतं. व्हाइस-चान्सलर पदवी धरून उभे होते, मागे सगळा वर्ग खोळंबला होता, रजिस्ट्रार घड्याळ बघत असतील नसतील. मी कानांना हात लावून वाकून राहिलो. अण्णांनी अजून श्वास घेतला नव्हता.